घाटात थांबलेला राजा

"आबा, या नव्या मशीनवर तुमच्या बैलांची शर्यतीतली बारी अशी पळंल, की मान वळायच्या आत निकालाचा झेंडा पडंल," शेजारच्या कैलासने छातीठोकपणे सांगितलं. वराळ्याच्या कारखान्यात लागल्यापासून तो औंढे गावात कॉम्प्युटरचा वैद्यच झाला होता.

नथूआबांच्या दृष्टीने प्रश्न इज्जतीचा होता. बैलगाडा शर्यतींवर बंदी यायच्या आधी, जत्रेत त्यांच्या राजा-सर्जाने केरबाच्या बैलांपेक्षा कमी वेळात घाट, म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी, मारला होता. आता बैल राहिले नाहीत, आणि केरबा पारावर बसून बिनदिक्कत सांगायचा की असं काही घडलंच नाही. पुरावा एकच, जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधला व्हिडिओ. आबांनी तो नव्या कॉम्प्युटरवर बघायला केरबासकट अर्धी आळी घरी बोलावली. त्यांच्या बायकोने, नंदाबाईंनी, चहाचं मोठं पातेलं चढवलं.

कैलासने मशीन उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. जुन्या डिस्कला लागायची चार बोटं रुंद पट्टीची वायर, आणि नव्या मदरबोर्डवर बोटाएवढ्या खाचा. त्याने डिस्क उलटी धरली, सुलटी धरली, दाबून पाहिली. त्यात एक पिन वाकली. ती नंदाबाईंनी गोधडीच्या सुईने सरळ केली. चहा दोनदा झाला. शेवटी कैलास गाडी काढून तळेगावला गेला आणि दोन्हींची सोयरीक जुळवणारा एक स्वस्तातला जोड घेऊन आला.

चित्र उमटलं! धुरळा, हलगी, भंडारा उधळणारी माणसं. आबा पडद्याजवळ सरकले. राजा सुटला, आणि चार ढांगांत थांबला. पुन्हा हलला, पुन्हा थांबला.

"मशीन तर लय फास्ट हाय म्हनला व्हतास," आबा म्हणाले.

"मशीन फास्टच हाय. डिस्क म्हातारी झालीय, जोड बी हलका. ती देईल तेवढंच हे दाखवणार."

केरबाने मोबाईलमधलं घड्याळ लावलंच होतं. चहाचा तिसरा कप संपला तरी गाडा अर्ध्या घाटातच होता.

"नथू, माझी बैलं घरी जाऊन पेंड खाऊन झोपली असती रं," तो म्हणाला. आळी खो खो हसली. कैलास घाईघाईने वायर काढायला वाकला.

आबांनी त्याचा हात धरला. पडद्यावर राजा मान उंचावून थांबला होता, कपाळावरचा पांढरा टिळा स्वच्छ दिसत होता.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "पळताना कवा नीट बघायलाच मिळाला न्हाई."

हसणं विरलं. केरबाने घड्याळ बंद केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बैल मातुर देखणा व्हता," तो म्हणाला. "पर हरला."