पैले व्यास सांगा

इंझोरीत शेषरावकाकांकडे कुठलंही काम घेऊन गेलात, तर ते आधी व्यास विचारतात. रामराम नंतर. नातीला स्थळ आलं तेव्हा घरचे सगळे मुलाचं शिक्षण, शेती विचारत होते, काकांनी मध्यस्थाला गंभीरपणे विचारलं, "पोरगा जाड केवढा हाय?" मुलगा चांगला भरलेला आहे आणि वर मोटरसायकल फार जोरात चालवतो, हे कळल्यावर त्या स्थळाबद्दल त्यांचं मत कायमचं बिघडलं.

याचं मूळ त्यांच्या गोठ्यात आहे. तिथे बैलांच्या जागी आता लेथ मशीन उभी आहे. काका शेतकरी माणूस, सोयाबीन आणि तूर घेणारे. लेथ हा निव्वळ शौक. कारंज्याच्या एका बंद वर्कशॉपच्या भंगारातून त्यांनी ती उचलली, दोन वर्षं घासली-पुसली, आणि तेव्हापासून धातू किती वेगाने फिरवून कापावा या एका प्रश्नात ते बुडालेले आहेत. मला त्यांनी तो मळणीत मधल्या खांबाभोवती, म्हणजे मेढीभोवती, फिरणाऱ्या बैलांवरून समजावला.

"मेढीपाशी फिरते तो बैल निवांत चालते. कडेचा धापा टाकते. फेरे दोघाइचेही सारखेच. म्हून जाड्या लोखंडाले हळू फिरवा, बारक्याले जोरात." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुमी बी फेरे कमी करा."

गोठ्याच्या भिंतीवर लोखंड, ओतीव बीड, पितळ यांचे वेग खडूने लिहिलेले आहेत. पण भिंतीवर फक्त अंदाज असतो, शेवटचा निकाल कानाने द्यायचा, असं ते सांगत. वेग बरोबर असला की धातू गुणगुणतो, चुकला की किरकिरतो. कामरगावचा एक मिस्त्री सगळं काम एकाच वेगावर उरकतो, म्हणून काका त्याच्याकडचा चहासुद्धा घेत नाहीत.

यंदा मे महिन्यात माझ्या विहिरीवरच्या मोटरपंपाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, झिजला. पाणी बंद पडलं आणि वांग्यांनी दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या. काकांकडे त्यासाठी लागणाऱ्या गनमेटल या मिश्रधातूचा एकच तुकडा होता. तो बिघडला असता तर दुसरा अकोल्याहून आणायला दोन दिवस गेले असते, आणि वांगी तेवढी थांबणार नव्हती.

काकांनी व्यास मोजला, भिंत वाचली, मशीन सुरू केली. बाहेरची बाजू लोण्यासारखी उतरली. मग आतलं भोक मोठं करायला घेतलं आणि तुकडा असा किंचाळायला लागला की माझे दात आंबले. काकांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान. कानाचे एवढे गोडवे गाणारा हा माणूस गप्प कसा, मला कळेना.

काकू दारात सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता हाताचा पंजा खाली दाबला. काकांनी ताबडतोब मशीन थांबवली, पट्टा हळू वेगाच्या पुलीवर सरकवला आणि पुन्हा काकूंकडे पाहिलं. काकूंनी कान देऊन मान हलवली. आता तुकडा गुणगुणत होता.

वर्षभरापासून गाव म्हणत होतं की शेषरावाला मस्ती आली, हाक मारली तर ओ देत नाही. मीही म्हटलं होतं. मला माझी लाज वाटली. या मशीनच्या आवाजावरून एकेकाळी काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता तोच आवाज त्या शिकून बसल्या होत्या.

बुश चपखल बसला. संध्याकाळी वांग्यांना पाणी सोडून मी काकांच्या ओट्यावर गेलो आणि त्यांच्यासमोर बसून सावकाश म्हटलं, तुमच्या हाताला तोड नाही. त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं, मग इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले.

"हात माहा हाय, कान तिचा. मले आता काईच आयकू येत नाई. मी सांगतलं म्हून तिले सांगू नका, ते गावापासून लपवून राह्यली. पन असा कान साऱ्या जिल्ह्यात कोनाले नाई."

त्यांच्या समजुतीने ते कुजबुजले होते. प्रत्यक्षात समोरच्या ओट्यांवरची माणसं बोलायची थांबली आणि गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. आत भांड्यांचा आवाजही थांबला. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या गल्लीदेखत काकांच्या शेजारी येऊन बसल्या.