भिंगरीची पिवळी पावलं

"अरे, माझे डोळे बांधून मला त्या गल्ल्यांमध्ये सोडा! शीळ घालत बाहेर येईन!"

ही गर्जना भिंगरीने केली शनिवारी. आणि रविवारी, डोळे टक्क उघडे ठेवून, गडी हरवला! ऐका तर खरं!

आपला भिंगरी लहानपणापासून असाच. एका जागी बसेल तर शपथ! म्हणून तर हे नाव. शेवटी वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं, "ही नोकरी मिळाली तर ठीक. नाही तर सोमवारपासून मामाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. आणि बसायचं म्हणजे बसायचं!" फरशीचं काही नाही हो, पण 'बसायचं' ऐकून भिंगरीला दरदरून घाम फुटला.

नोकरी मात्र त्याच्याचसाठी जन्माला आलेली. पाहुण्यांना शहराच्या जुन्या भागातून फिरवायचं! कमानी, लाकडी सज्जे, नक्षीचे खांब, आणि भिंतीभिंतीवर चित्रकार पोरांनी काढलेली हत्तीएवढी चित्रं. रविवारची फेरी ही परीक्षा. मॅडम, म्हणजे या धंद्याच्या मालकीणबाई, सगळ्यांच्या मागून चालणार. बोलणार काही नाहीत. फक्त बघणार.

भिंगरीने रस्ता पाठ केला होता, पण कसा? गल्ल्यांची नावं नाहीत, वळणं नाहीत. चित्रं! वाघ आला की डावीकडे. मोठा डोळा आला की उजवीकडे. छत्रीवाली मुलगी आली की नाकासमोर. सोप्पं!

रविवारी सकाळी मंडळी निघाली. सगळ्यात पुढे भिंगरी, छाती एवढी पुढे की शर्टाची बटणं रडकुंडीला आलेली. "मंडळी, आता या कोपऱ्यावर तुम्हाला भेटणार आहे एक वाघ!"

कोपऱ्यावर कोरी पांढरी भिंत!

"वाघ कुठेय?" गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेल्या काकांनी विचारलं.

शिडीवर एक चित्रकार पोरगी रोलर फिरवत होती. ती वरूनच म्हणाली, "वाघ गेला. दरवर्षी याच आठवड्यात सगळ्या भिंती पुसून नवी चित्रं काढतो आम्ही. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे!"

अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, भिंगरी सोडून! तो एक पाऊल मागे सरकला आणि, फच्! डावा पाय थेट शिडीखालच्या, पिवळ्या रंगाने भरलेल्या ट्रेमध्ये!

"काही नाही, काही नाही!" भिंगरी मागे मॅडमकडे बघत दात काढून म्हणाला. "चला, पुढे डोळा आहे!"

डोळा कसला नि काय! डोळ्याचीही पांढरी भिंत झालेली. मग काय, मनाला येईल तसा वळला. वाटेत एक सज्जा दिसला. "बघा! किती पुरातन! काय ती कलाकुसर!" लोकांनी माना डोलावल्या. मग एक बोळ, मग दुसरा बोळ, मग एक जिना, आणि पुन्हा एक सज्जा. "आणि हा त्यामानाने अगदी अलीकडचा! फरक लक्षात येतोय ना?"

"हो, फरक आहे," कॅमेरावाले काका म्हणाले. "मघाशी याच्यावर कबुतर बसलं होतं."

तोच सज्जा! तीच शिडी! तीच चित्रकार पोरगी! भिंगरी दचकून मागे सरकला आणि, फच्! या वेळी उजवा!

"जोडी झाली," वरून पोरगी म्हणाली.

काका खाली बघत म्हणाले, "अहो, ही डाव्या पायाची पिवळी पावलं तुमचीच का?"

मॅडमनी भुवई उचलली. एकच! पण त्या एका भुवईत भिंगरीला मामाचं अख्खं दुकान दिसलं, आत एक स्टूल, आणि स्टुलावर तो स्वतः. जीव मुठीत धरून तो समोरच्या बोळात घुसला. बोळ संपला एका उघड्या दारापाशी. आत चौक, दारात कमरेला पदर खोचलेल्या एक मावशी.

"आलात? या, या!" मावशी म्हणाल्या. "कधीची वाट बघतेय!"

भिंगरीला वाटलं, देव पावला! "मंडळी, हे आपलं खास ठिकाण!"

मावशींनी काय फिरवलंय म्हणता! "हा खांब बघा, अख्ख्या एका झाडाचा. टेकू नका, कपडे वाळत घालायची दोरी आहे त्याला. ही खिडकी रंगीत काचांची, सकाळी जमीन लालनिळी होते. हा दगडी जिना. बारावी पायरी दगाबाज आहे, माझा नवरा तिथे रोज पडतो आणि रोज पायरीलाच शिव्या घालतो!"

लोक खुश! काका आडवे पडून छताचे फोटो काढायला लागले. वरच्या खोलीत पोचल्यावर मावशींनी कमरेवर हात ठेवले.

"पाणी फक्त सकाळी येतं, आधीच सांगते. मागाहून कटकट नको! पण काय हो, एवढे सगळे एकाच खोलीत राहणार?"

हास्याचा असा फवारा उडाला! टाळ्या! "काय अभिनय आहे बाईंचा!" काका म्हणाले. भिंगरी एकटाच हसला नाही. त्याला कळलं होतं. मावशींना खोली भाड्याने द्यायची होती!

"विचार करून कळवतो हं," एवढं पुटपुटत त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. आणि बाहेर पडायचं कसं? आपल्याच पिवळ्या पावलांवर उलटं चालत! शिडीपाशी पोचला तेव्हा त्याने असा काही सुस्कारा सोडला की चित्रकार पोरीची शिडी हलली.

"छान!" मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "त्या बाई तर कमाल! तुला..."

"पिवळ्या पायांचा कोण आहे रे तो?"

मावशी! एका हातात बादली, दुसऱ्या हातात ब्रश. दारापासून पावलं हुंगत आल्यासारख्या थेट पोचल्या. "खोली नको तर नको! पण माझ्या उंबऱ्याची हळद कोण धुणार?"

मॅडम सावकाश वळल्या. "म्हणजे... हे नाटक नव्हतं?"

भिंगरीने मान खाली घातली. "वाट चुकलो होतो, मॅडम. पहिल्या वळणापासून."

संपलं! स्टूल! पण मॅडमना आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग त्या हसतच सुटल्या. डोळे पुसत मावशींना म्हणाल्या, "दर रविवारी माणसं आणली तर असंच घर दाखवाल? अगदी असंच?"

"दर रविवारी?" मावशींचे डोळे चमकले. "आणा की! एवढ्यांतून एक तरी घेईलच खोली!"

"नोकरी तुझी," मॅडम भिंगरीला म्हणाल्या. "पण आधी ही पावलं."

भिंगरीला वाटलं, मॅडमच्या पाया पडावं, पण पाय पिवळे होते! दुपारभर बसून, हो, बसून, त्याने गल्लीतली फरशीन् फरशी घासली. वडील बघायला आले. म्हणाले, "शेवटी फरशीपाशीच बसलास ना?" पण हसत म्हणाले!

एक मात्र झालं. घासता घासता प्रत्येक दगड, प्रत्येक भेग भिंगरीला तोंडपाठ झाली. आता भिंती कुणी कितीही रंगवोत, गडी चुकत नाही. फेरीत पाहुणे माना वर करून सज्जे बघतात आणि हा खाली मान घालून पुढे चालतो.

लोक मॅडमना मुद्दाम सांगून जातात, "तुमचा तो मुलगा फार नम्र आहे हो!"