लातूर नको म्हणणारी मोटार

रेणुकादास वकिलांची मोटार मुखेडच्या कचेरीला जायची, कंधारला जायची, चार साक्षीदार आणि त्यांची गाठोडी घेऊन चढही चढायची. लातूरला निघाली की मात्र तिचा क्लच घसरायचा. हा हट्ट नांदेडातल्या एकाही माणसाला उलगडला नव्हता.

आणि लातूरलाच त्यांची बायको सौदामिनी होती. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा वकिलांनी साऱ्या आळीसमोर सांगितलं होतं, "परत आणीन तर मोटारीतून." तिनंही बजावलं होतं, "मग रेल्वेनं न्यायला आलात तर मी यायची नाही."

बारशाला निघाले, तर लोह्याच्या पुढच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलू लागलं, चाकं हलेनात. बैल जोडून परत आणावी लागली. दुसऱ्या महिन्यात तीच गत, तिसऱ्यांदा तर चढाच्याही अलीकडे. गावात दोन-चार दिवस फिरवली की बाईसाहेब पुन्हा ठणठणीत!

लेक पाच महिन्यांची झाली, बापानं तिला पाहिलंही नव्हतं. मागच्या बाकावर त्यांनी तिच्यासाठी दुपटं अंथरून ठेवलं होतं. साक्षीदार दाटीवाटीनं बसत, पण दुपट्यावर वकील कुणाला बसू देत नसत. लेकीची ओढ होतीच, तिच्या आईची त्याहून जास्त होती. घर खायला उठायचं.

अशात सौदामिनीचं पत्र आलं. 'मुखेड आवडतं, लातूर आवडत नाही. कुणाला, मोटारीला की तुम्हाला? सोमवारी पितृपक्ष लागतो. त्याआधी आला नाहीत तर बाबा दसऱ्यापर्यंत पाठवणार नाहीत.'

वकील शुक्रवारी पहाटेच निघाले. त्यांचे वडील लांबच्या गावाला जाताना छकड्याच्या आसाला स्वतःच्या हातानं वंगण घालत. त्याच मायेनं वकिलांनी पायाखालची फळी उचलली आणि दरवेळेसारखं आत एरंडेल सोडलं. बाटलीच संपत आली होती, म्हणून चार थेंबच पडले.

लोह्याचा चढ पार झाला! वकिलांना गहिवरून आलं. लातूरची वेस दिसली आणि तिथे क्लच घसरला. सासऱ्यांच्या, म्हणजे बापूसाहेबांच्या दारात मोटार शेवटी बैलांनीच आणून सोडली.

लातूरच्या मडिवाळप्पा मिस्त्रीनं फळी उचलून वास घेतला. "क्लच कोरडा ठिवायचा आस्तोय, सायेब. ह्यात एरंडेल कुनी वतलं?"

"मीच. लातूरला निघताना दरवेळी घालतो."

"आन् मुखेडाला जाताना?"

"मुखेडला कशाला घालू? तिथं कोण आहे माझं?"

दारात लेकीला घेऊन उभ्या असलेल्या सौदामिनीनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही. मग पुढे होऊन तिनं लेक त्यांच्या हातात दिली. "धरा. हात तेवढे पुसून."

मिस्त्रीनं रॉकेलनं क्लच लख्ख धुतला आणि मोटार गल्लीतून फिरवून दाखवली. बापूसाहेब सारं जवळ उभं राहून पाहत होते. रात्री ते जेवले नाहीत, नातीला मांडीवर घेऊन बसून राहिले.

शनिवारी सकाळी ओटी भरली, बोचकी चढली. वकिलांनी मोटार सुरू केली. इंजिन बोंबललं, चाकं जागची हलली नाहीत. पायाखालून एरंडेलाचा ओळखीचा वास आला.

"आता काय झालं हो?" सौदामिनी म्हणाली. "काल तर नीट झाली होती!"

वकिलांनी मान वळवली. पायरीवर बापूसाहेब नातीला छातीशी धरून उभे होते. उजवा हात उपरण्याखाली होता.

"मोटारच ती, जावईबापू," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "आजचा दिवस राहून जा. पितृपक्ष काही उद्या लागत नाही."

तेवढ्यात नात त्यांच्या हातातून घसरू लागली. बापूसाहेबांनी घाईनं दुसरा हात पुढे केला, आणि पोरीचा गाल तेलानं चकचकला.

वकिलांनी ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याची उलटतपासणी घेतली नाही. मागच्या बाकावरचं दुपटं उचललं, खाली उतरले आणि ते ओसरीवर बापूसाहेबांच्या बैठकीशेजारी अंथरलं.