पुठ्ठ्याआडचा फासा

उस्ताद, तुम्ही खोटं बोलता. वर्षानुवर्षं बोलत आलात, तोंडावर बोलता, आणि बोलून झालं की शांतपणे चष्मा पुसता. तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या ब्राझीलमधल्या पेलोतासमध्ये ते ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे.

आरोप गंभीर आहे, तेव्हा आधी परिस्थिती सांगतो. आमच्या वस्तीच्या मंडळाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आम्ही काही मोठी, लग्नकार्यं झालेली माणसं एका टेबलाभोवती बसतो आणि कल्पनेतल्या गुहांमध्ये शिरतो. प्रत्येकाचा एक गडी असतो. कुणाचा तिरंदाज, कुणाचा जादूगार. तो काय करतो ते आपण सांगायचं. बाकी सगळं जग, म्हणजे डोंगर, राक्षस, पाऊस, खानावळीतलं शिळं सूप, हे उस्तादांच्या ताब्यात. गड्यावर घाव बसला की हुकला हे ठरवायला उस्ताद वीस बाजूंचा फासा टाकतात. आकडा मोठा तर घाव खोल; वीस पडले की गडी मेला. आणि हा फासा ते टाकतात पुठ्ठ्याच्या आडोशामागे. खडखड आम्हाला ऐकू येते, आकडा फक्त त्यांना दिसतो. अख्खे देश एवढ्या व्यवस्थेवर चालतात. आमचं टेबल चालेना.

कारण माझे गडी मरत होते. पहिला बाणाने मेला. दुसरा विषाने. तिसऱ्याला शेळीने मारलं. राक्षसी वगैरे नव्हे, साधी शेळी. आणि त्याच टेबलावर दोना इरासेमांचा, म्हणजे इरासेमाबाईंचा, बार्नाबे, गुडघे गेलेला, दारुडा, बुटका म्हातारा शिलेदार, काही केल्या मरत नव्हता. त्याच्यावर दरड कोसळली तर बाजूला कोसळायची. बाण त्याची टोपी घेऊन जायचा, डोकं ठेवून.

बार्नाबे मुळात त्यांचा नव्हे, त्यांच्या नवऱ्याचा, ओलावोचा. ओलावो गेला त्यानंतर एका शनिवारी दोना इरासेमा त्याच्या फाशांची पिशवी परत द्यायला आल्या. उस्तादांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, "बसा. बार्नाबेची पाळी आहे." त्या बसल्या त्या बसल्याच. तेव्हापासून बार्नाबे त्यांच्या तोंडून बोलतो, पण आवाज ओलावोचा, खोकला ओलावोचा, शिव्या तर शंभर टक्के ओलावोच्या. आठवडाभर गप्प असणारी बाई शनिवारी दुपारी नवऱ्याला बोलतं करते.

हे सगळं मान्य. पण नियम म्हणून काही आहे की नाही?

"दर शनिवारी त्या किंदिम आणतात," मी टेबलावरच्या जिल्मारला म्हणालो. "नारळाचे, पिवळेधमक, तोंडात विरघळणारे. उस्ताद हाणतात. याला लाच म्हणतात."

जिल्मार नगरपालिकेत परवाने देतो, म्हणजे देत नाही. तो विचारात पडला. "वाल्दो, लाच हा शब्द जड आहे. प्रक्रियेत त्रुटी म्हणू."

"तू पण खातोस की किंदिम."

"मी तपासणीसाठी खातो."

दोना इरासेमांची भाची तायनारा, टेबलावरची सगळ्यांत धाकटी, कायदा शिकते आणि कायदा नुकताच शिकू लागलेल्या माणसासारखी त्याच्यावर प्रेम करते. ती म्हणाली, "मावशीचा गडी असला म्हणून काय झालं? फासा उघड्यावर पडला पाहिजे. सगळ्यांसाठी."

ठराव झाला. दोना इरासेमांनीही हात वर केला. म्हणाल्या, "माझी कशाला हरकत? ओलावोला कुणाचे उपकार घेतलेले चालायचे नाहीत."

उस्तादांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

"मागाहून माझ्याकडे यायचं नाही."

"उस्ताद, आम्ही काय लहान पोरं आहोत?" मी म्हणालो.

त्यांनी पुठ्ठा घडी करून खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले.

आता पारदर्शकता आणायची तर पूर्ण आणायची. जिल्मारने फासा मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला. एकच बाजू सारखी वर आली तर फासा लबाड समजतात. हा प्रामाणिक निघाला. पण प्रामाणिक आहे असं कुणी म्हणून चालत नाही, शिक्का लागतो. आमच्याकडे शिक्क्याशिवाय मेलेला माणूससुद्धा मेलेला धरत नाहीत. आम्ही फासा घेऊन नोटरीकडे गेलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "आईचं नाव?"

"फाशाच्या?"

"तुमच्या आईचं मी काय करू?"

जिल्मारने पापणीही न हलवता सांगितलं, "अज्ञात." शिक्का बसला.

पुढच्या शनिवारी टेबलाच्या मधोमध काचेचा सॅलडचा वाडगा ठेवला. फासा त्यात पडणार, सगळ्यांनी पाहायचा, जिल्मारने आकडा मोठ्याने पुकारायचा. असा स्वच्छ कारभार दक्षिण गोलार्धात झाला नसेल.

आमची टोळी एका लाकडी पुलावर आली. पलीकडे गदा घेतलेला राक्षस. मी शेळीचा अनुभव घेतलेला माणूस, मागे राहिलो. दोना इरासेमा पुढे झाल्या. "सरका रे नामर्दांनो," ओलावोच्या आवाजात बार्नाबे खोकला, "माझ्या सासूपेक्षा बुटका आहे हा."

आम्ही हसलो. उस्तादांनी फासा उचलला, वाडग्यात टाकला. खणखण वाजत फिरला आणि थांबला.

वीस.

जिल्मारने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"काय पडलं?" दोना इरासेमांनी विचारलं. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांचा हात ओलावोच्या पिशवीवर गेला. आवाज आता त्यांचा स्वतःचा होता. "मेला का?"

"पंखा!" जिल्मार किंचाळला. "पंखा चालू होता! वारा लागलेला फासा बाद!"

पंखा बंद केला. उस्तादांनी पुन्हा टाकला. वीस.

"थर्मास वाडग्याला टेकला होता," तायनारा म्हणाली. "बाह्य हस्तक्षेप. मी स्वतः पाहिलं."

शिमार्राव, म्हणजे आमचा कडू चहा, त्याच्या कढत पाण्याचा थर्मास उचलून पार दाराबाहेर नेऊन ठेवला. पुन्हा फासा. एकोणीस. बार्नाबेच्या अंगात जेवढा जीव उरला होता, त्याला एकोणीसही फार होते.

"उस्ताद," मी दात आवळून म्हणालो, "काहीतरी करा ना."

"मी काय करणार?" ते म्हणाले. "ठराव तुमचा, वाडगा तुमचा, शिक्का तुमचा. मला एकोणीस दिसतात."

किती निर्दयी माणूस! इतकी वर्षं बिनबोभाट खोटं बोलला आणि नेमका त्या दिवशी त्याला खऱ्याची उबळ आली.

मग आम्ही ठरावाला तिथल्या तिथे दुरुस्ती जोडली. वादग्रस्त फासा त्रिसदस्यीय समिती वाचील. वाचन एकांतात होईल. समिती म्हणजे जिल्मार, तायनारा आणि मी. वाडगा उचलून आम्ही झाडू-बादल्यांच्या खोलीत गेलो, दार लावलं, आणि फासा शेवटचा, निर्णायक, शंकेला जागा न ठेवता टाकला.

तिघांनी वाकून पाहिलं. वीस. काचेतून, वरून, बाजूने, कसंही पाहिलं तरी वीस.

 तायनाराने ओढणीने डोळे पुसले आणि त्याच ओढणीने वाडगा झाकला.

बाहेर आलो. "दोन," मी म्हणालो.

"दोनच," जिल्मार म्हणाला.

"समितीचं एकमत," तायनारा म्हणाली.

दोना इरासेमांनी आम्हा तिघांकडे बराच वेळ पाहिलं. मग खोकल्या. ओलावोचा खोकला. "मग बघत काय बसलात, हरामखोरांनो? पूल ओलांडा!"

उस्ताद चष्मा पुसत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "वाल्दो, हिशेबासाठी विचारतो. किती पडले म्हणालास?"

माझी तक्रार कायम आहे. ज्याचं काम होतं त्याने ते चोख केलं असतं तर आम्हा सज्जन माणसांना त्या बादल्यांच्या खोलीत जावं लागलं नसतं. पण मी एकटा का उत्तर देऊ? झाडू-बादल्यांच्या त्या खोलीत तुम्हीही आला होतात, वाचकहो. वाकून पाहिलंत. ओढणीखाली काय आहे तुम्हाला नीट माहीत आहे. दोना इरासेमा समोर बसल्यात, त्यांचा चष्मा घरी आहे, आणि त्या तुमच्या तोंडाकडे बघतायत.

सांगा त्यांना. मोठ्याने सांगा. किती पडले?