तीन मध्यस्थ

छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून आलेलं सकाळचं ऊन आधी धानाच्या कणगीवर उतरलं, तिथं थोडा वेळ थबकलं, मग पांढऱ्या मातीच्या भिंतीवरून ओघळत संघपालच्या टेबलापाशी आलं. त्या तिरप्या पट्ट्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती, की तिला कुठंच पोहोचायचं नसावं. शेवटी ऊन नव्या लॅपटॉपच्या कडेवर पडलं आणि तिथली दोन इवली छिद्रं उजळली.

माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या जुन्या ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे संघपालच्या 'पेटी'ची, वायर त्यांपैकी एकाही छिद्रात जात नव्हती.

हर्षाला दहाच्या आत वडशाच्या नाटक कंपनीला गाणं पाठवायचं होतं. पसंत पडलं, तर हंगामभर गायिकेचं काम. "मोबाइलवर नोको, माह्या पेटीवर मस्त करू," असं संघपालच तिला म्हणाला होता. वर्षभरात तो तिच्याशी बोललेलं सर्वांत लांब वाक्य तेच.

"पेटी म्हनलं तं मले वाटलं वाजवाची हाय," सोबत आलेली तिची मावशी कमलाबाई म्हणाली. "हिले तं पट्ट्याच नाई!"

चौकातल्या जाहिदच्या दुकानातला पहिला अडॅप्टर पेटीच्या वायरीला बसला, लॅपटॉपला बसेना. दुसरा लॅपटॉपला बसला, पहिल्याशी जुळेना. संघपाल सायकलवर तिसऱ्यांदा दुकानात गेला.

"हा आखरी, भाऊ," जाहिद म्हणाला.

"मंगाचाबी आखरीच होता."

"तो त्याच्या जागी आखरी होता."

तिन्ही अडॅप्टरची माळ जुळली. पेटीवर हिरवा दिवा लागला, हर्षाने टाळी वाजवली. लॅपटॉपने मात्र हे उपकरण ओळखत नसल्याचं कळवलं.

"इकून मध्यस्थ, तिकून मध्यस्थ, मधात आखीन एक," कमलाबाई म्हणाली. "लगनात तं एकच राह्यते, बापू. हे दोघं सरळ काऊन बोलत नाई?"

"जुनी हाय ना, मावशी. लाजून राह्यली."

"कोन लाजून राह्यलं, थे दिसते मले."

कान तापलेला संघपाल वायर तपासायच्या निमित्ताने टेबलाखाली शिरला. दहाला पाच कमी होते. हर्षा अंगणात गेली, मावशीच्या हाती मोबाइल दिला, गायली आणि गाणं पाठवून मोकळी झाली. तो बाहेर आला तेव्हा कंपनीचं उत्तरही आलं होतं : सोमवारी तालमीला या.

"जुळली का पेटी?" हर्षाने विचारलं.

"जुळून राह्यली."

"तुलेबी गानं पाठवलं. आयक."

त्या दोघी गेल्यावर त्याने हेडफोन लावून, दोष शोधत, ते तीनदा ऐकलं. मागे कोंबडा आरवत होता, मावशीच्या बांगड्या वाजत होत्या. हर्षाचा आवाज अगदी स्वच्छ आला होता. मध्ये कशाचीच गरज नव्हती.