वीस मिनिटांचा संशयित

मामांच्या कार्डावर 'गूढभेदक, संशयसम्राट, तर्काचे शेवटचे टोक' असं छापलेलं होतं. त्या टोकाला लोंबकळत असे त्यांची भाची. पदाने सहायक, कामाने पिशवी धरणारी. मागच्या खेपेला शेजारणीच्या मांजराचा माग काढताना मामाच हरवले होते. मांजर संध्याकाळी आपलं आपण घरी आलं. मामांना आणायला भाचीला जावं लागलं.

या वेळचं प्रकरण पाणीपुरवठा कचेरीतलं. उद्या कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, हे तिथला मेनफ्रेम, म्हणजे चार कपाटांएवढा संगणक, रोज ठरवी. त्याचा प्रोग्रॅम तीस वर्षांपूर्वी कोबोल या जुन्या भाषेत एका बाईंनी लिहिला होता. अख्खी कचेरी त्यांना कोबोलकाकू म्हणे. आता दोन तरुण इंजिनिअरांनी तोच प्रोग्रॅम जावा या नव्या भाषेत उतरवला होता.

"जुन्याला पन्नास मिनिटं लागतात," कचेरीचे साहेब मामांना म्हणाले. "नवा पंधरात उरकेल असं मी वर कळवून बसलोय. आणि त्यालाही बरोब्बर पन्नास. कोणीतरी आतून पाय ओढतंय. काकूच असणार. चारपर्यंत पुरावा द्या, आजच त्यांना घरी पाठवतो."

काकूंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्या समोरच बसल्या होत्या. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण चष्मा दोनदा पुसला.

मामांनी भिंग काढून संगणकाची बाहेरची बाजू तपासली. "कोबोलमध्ये वाक्यागणिक पूर्णविराम असतो," ते गंभीरपणे म्हणाले. "तीस वर्षांचे पूर्णविराम तळाशी साचलेत. नवी भाषा त्यात रुततेय."

"मामा, ते काय गाळ आहे?"

"मग यंत्र जुन्या भाषेशी एकनिष्ठ आहे. लिहून घे."

भाचीने वहीत भाजीची यादी लिहिली.

साडेअकराला यंत्राची घरघर मंदावली. त्याबरोबर सगळे उठले आणि शिपाईकाका ट्रे घेऊन आले. अकरा पन्नासला कप रिकामे, घरघर पुन्हा सुरू.

"रोज असंच?" भाचीने विचारलं.

"रोज. यंत्र दम खातं, मी चहा देतो. घड्याळ बघावं लागत नाही."

"आणि नवा प्रोग्रॅम चालतो तेव्हा?"

"आज नवाच होता की. गुणी आहे, तोही थांबतो."

भाची तडक काकूंकडे गेली. काकूंनी जुन्या कागदांची चवड काढली. एका ओळीवर बोट अडलं.

"अगं बाई. तेव्हा अर्ध्यावर माहितीची टेप बदलावी लागायची, ती मीच बदलायचे. आणि नेमकी तेव्हाच धाकटीची बालवाडी सुटायची. म्हणून याला सांगून ठेवलं होतं, वीस मिनिटं थांब, आलेच."

"टेप कुठाय?"

"जाऊन अठरा वर्षं झाली. धाकटीला आता स्वतःची धाकटी आहे."

इंजिनिअरांना विचारलं, ही ओळ का उतरवलीत? "होती म्हणून," ते म्हणाले. का होती, हे काकूंना विचारायला त्यांना दहा पावलं चालावं लागलं असतं.

ओळ काढून दोन्ही प्रोग्रॅम चालवले. जुन्याला तीस मिनिटं लागली, नव्याला एकोणतीस. दोन वर्षांच्या बैठकांची कमाई एक मिनिट.

"मग चहा कधी द्यायचा?" शिपाईकाकांनी विचारलं.

साहेबांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. "वीस मिनिटं राहू द्या. दोन्हींत." मग जरा चाचरत, "काकू, अशा आणखी ओळी आहेत?"

"ही बघा, चारशे बाराव्या पानावर. टाकीमागे माझ्या सासूबाई राहायच्या, त्या गल्लीला आधी पाणी."

"अजूनही?"

"सासूबाई गेल्या. पाणी जातंय."

"किती पानं आहेत एकूण?"

"नऊशे."

साहेबांनी मनातल्या मनात सहा महिन्यांचे दिवस मोजले, खुर्ची ओढली आणि काकूंच्या मुदतवाढीचं पत्र स्वतःच लिहायला घेतलं.

मामांनीही अहवाल पुरा केला: 'मुख्य संशयित धाकटी, वय वर्षे चार. शोध जारी.'