इस्त्रीचा अभ्यास

हरिश्चंद्रानं तीन चुरगळलेले सदरे पडवीत आपटले, तेव्हा विमलाबाई आमसुलं वाळत घालत होत्या.

"वैनी, संध्याकाळी सत्काराला घालायचेत. पोरीला सांग, कॉलर कडक कर."

"कुठल्या पोरीला?"

"तुझ्या मनालीला! नाक्यावर बोर्ड लागलाय ना, 'इस्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुखपदी निवड'. मी तेव्हाच बोललेलो, कितीही शिकव, बाईच्या हातात शेवटी इस्त्रीच!"

विमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारावीनंतर मनालीचं शिक्षण थांबवा म्हणून घसा फोडणारा दीर तो हाच. त्याच्या नाकावर टिच्चून, काजू फोडून फोडून बोटं काळी करत त्यांनी लेकीला मानसशास्त्राची डॉक्टर केली. आता ती रत्नागिरीच्या कॉलेजात स्त्री अभ्यास केंद्राची प्रमुख झाली, तर ही थट्टा!

तेवढ्यात शेजारची गोदा जरीची साडी घेऊन आली. मागोमाग वाडीतला धाकू लग्नातला कोट घेऊन.

"आये, शांत हो," आतून बाहेर येत मनाली म्हणाली. "राग आला की तो कुठून आला ते आधी बघायचं."

"बघितला. तुझ्या काकाच्या अंगणातून आला!"

पदर खोचून त्या तडक नाक्यावर, नितेशच्या बोर्डाच्या दुकानात.

"डोळे फुटले काय रे मेल्या तुझे? माझ्या लेकीला परटीण केलीस?"

नितेशनं मोबाईलवर आलेला व्हॉइस मेसेज लावून पुढे धरला. आतून विमलाबाईच कडाडल्या, "इस्त्री अभ्यास केंद्र! नीट लिही हां. चुकलास तर हात मोडून ठेवीन!"

 विमलाबाईंनी पदर पुन्हा घट्ट खोचला.

"आवाज माझा. पण शाळा शिकलेला कोण? तू का मी?"

नवा बोर्ड व्हायला उद्या उजाडणार होता, आणि सत्काराला येणाऱ्या कॉलेजच्या पाहुण्या बाई तर वाटेला लागल्या होत्या. विमलाबाई पाय आपटत घरी आल्या, टेबलावर घोंगडी अंथरली, इस्त्रीची पिन भिंतीत खोचली.

"भावोजी, या."

"मी?"

"बोर्ड वाचलात ना? आमच्याकडे अभ्यास होतो. तोही पुरुषांनी करायचा."

"मला येत नाय गो वैनी!"

"शिकवते. कितीही मिशा वाढवा, पुरुषाच्या हातात शेवटी इस्त्रीच!"

पाहुण्या बाई दारातच थबकल्या. घामाघूम हरिश्चंद्र गोदेच्या साडीशी झुंजत होता आणि धाकू कोट कवटाळून रांगेत उभा होता.

"अरे वा, केंद्राचं काम सुरूसुद्धा झालं?"

"पहिली तुकडी आहे," विमलाबाई म्हणाल्या. "जरा मठ्ठ आहे."